लेण्यांची वाट आणि पाण्याचा ताळेबंद

श्रावकाच्या बारा व्रतांत तीन गुणव्रते आहेत आणि त्यांतील पहिले दिग्व्रत. कोणत्या दिशेला किती अंतर जायचे, वर किती चढायचे, खाली किती उतरायचे, याची मर्यादा श्रावकाने स्वतः घालून घ्यायची. रोजच्या चौदा नियमांतही वाहन, शयन, स्नान, दिशा आणि आहार यांची मोजणी येते. प्रवासाची आखणी म्हणजे काय काय पाहायचे याची यादी, असे आज मानले जाते. परंपरेने मात्र आखणीचा आरंभ मर्यादेपासून केला. घर सोडून निघालेल्या माणसाचा भार वाटेवरच्या माणसांवर आणि जिवांवर किती पडावा, हा तिचा पहिला प्रश्न होता.

हा प्रश्न आज नव्याने पुढे येण्याचे कारण म्हणजे चालते घर. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. निजण्याची सोय, छोटा ओटा, शौचालय आणि पाण्याची टाकी असलेले वाहन चालकासह भाड्याने घेता येते, हे आता अनेक कुटुंबांना ठाऊक झाले आहे. जैन कुटुंबाला त्याचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. कांदा-लसूण नसलेले जेवण कुठे मिळेल, आजींना सूर्यास्तापूर्वी ताट कसे वाढता येईल, उकळलेले पाणी कुठून आणायचे, या चिंता एका वाहनाने मिटतात. स्वयंपाकघरच बरोबर असते. पण पाणी, इंधन आणि कचराही बरोबर असतो, आणि त्यांचा हिशेब हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशाला सहसा करावा लागत नाही.

कोरड्या मुलखाची ओळख

अहिल्यानगर जिल्ह्याला वाळवंट म्हणता येणार नाही, पण पाण्याची विषमता इथे फार मोठी आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यातील घाटघर-रतनगडाच्या परिसरात पाऊस काही हजार मिलिमीटर कोसळतो. सह्याद्रीची भिंत ओलांडताना ढग तिथेच रिते होतात, आणि पूर्वेकडील पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. तोही कधी येतो, कधी दडी मारतो. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी घराघरांत अजून सांगितल्या जातात.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रुजवली. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना, जनावरांना आणि पिकांना किती लागेल, हे ग्रामसभेत मांडले जाते आणि त्यानुसार कोणती पिके घ्यायची ते ठरते. सिंचनासाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत, हा निर्णयही गावाने स्वतःच घेतला. कॅरव्हॅनमधून निघणाऱ्या कुटुंबाला याहून चांगला धडा शोधूनही सापडणार नाही. आधी टाकीत किती आहे ते पाहायचे, मग बेत ठरवायचा.

तीन दिवसांचा बेत

नगर शहरातून निघून जैन लेणी पाहून परत यायचे असेल, तर तीन दिवसांत सुमारे साडेचारशे किलोमीटरचा फेरा पुरेसा होतो. पहिला मुक्काम अंकाई, दुसरा वेरूळ, आणि परतताना कचनेर.

नगर-मनमाड रस्ता राहुरीला मुळा, कोल्हारला प्रवरा आणि कोपरगावला गोदावरी ओलांडतो. कालव्याखालचा ऊस दुतर्फा दिसतो आणि हा मुलूख कोरडा आहे यावर विश्वास बसत नाही. येवला मागे पडले की चित्र पालटते. माळ उघडा होतो, झाडे विरळ होतात आणि समोर अंकाई-टंकाई ही जोडकिल्ल्यांची रांग उभी राहते. नगरपासून हे अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. किल्ले नाशिक जिल्ह्याच्या येवला तालुक्यात येतात. दौंड-मनमाड लोहमार्गावर अंकाई स्थानकही आहे.

जैन लेणी टंकाईच्या दक्षिण उतारावर, गावाच्या माथ्यावर आहेत. साधारणतः अकराव्या-बाराव्या शतकातील ही लेणी आकाराने लहान, पण कोरीवकामाने संपन्न आहेत. काही दुमजली आहेत. द्वारशाखांवरील बारीक नक्षी, छतावरचे कमळ, हत्तीवर आरूढ यक्ष, आंबराईखालची अंबिका आणि कायोत्सर्ग मुद्रेतील शांतिनाथ व पार्श्वनाथ, हे सारे निवांतपणे पाहण्याजोगे आहे. लेणी दक्षिणाभिमुख असल्याने हिवाळ्यात कललेले ऊन त्यांच्या तोंडाशी दिवसभर असते. बॅटरीचा झोत मूर्तीवर न मारताही बरेच काही दिसते. पायऱ्यांची चढण फार नाही, तरी ज्येष्ठांनी ती सकाळी चढावी. वाहन गावाबाहेर मोकळ्या जागी उभे करावे. गावातील गल्ल्या आणि वर लोंबणाऱ्या तारा उंच वाहनासाठी नाहीत.

दुसऱ्या दिवशी येवला-वैजापूर मार्गाने वेरूळ गाठावे. लेणी मंगळवारी बंद असतात, म्हणून वार आधी मोजून घ्यावा. क्रमांक ३० ते ३४ ही जैन लेणी उत्तर टोकाला, कैलास लेण्यापासून बरीच दूर आहेत. पुष्कळ प्रवासी कैलास पाहून थकतात आणि इथवर येतच नाहीत. ही चूक टाळण्यासाठी दिवसाचा आरंभच जैन लेण्यांपासून करावा. कैलास दुपारनंतर पाहिला तरी चालतो, कारण वेरूळचा मुख्य कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि उतरते ऊन तिथे चांगले पडते.

क्रमांक ३२ च्या लेण्याला लोक इंद्रसभा म्हणतात. हत्तीवर बसलेल्या यक्षाला पूर्वीच्या पाहणाऱ्यांनी इंद्र समजले आणि नाव चिकटले. अंगणात एकाच दगडातून कोरलेले मंदिर, हत्ती आणि मानस्तंभ आहेत. भिंतींवर एकीकडे वेलींनी वेढलेले बाहुबली आणि दुसरीकडे उपसर्ग सोसणारे पार्श्वनाथ अशी जोडी वारंवार भेटते. वरच्या मजल्याच्या छतावर रंगकामाचे अवशेष आहेत. लेण्यांच्या माथ्यावरील टेकडीवर पार्श्वनाथांची भव्य मूर्ती असून तिच्या लेखात शके ११५६, म्हणजे इसवी सन १२३४-३५, असा काळ दिला आहे. डोंगर कोरण्याचे मोठे काम नवव्या-दहाव्या शतकातले. त्यानंतरही तीनशे वर्षे इथे श्रद्धेने येणारी माणसे होती, हे त्या लेखावरून कळते.

रात्री वेरूळच्या गुरुकुलात किंवा पुढे कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथ क्षेत्री धर्मशाळेत उतरावे. कॅरव्हॅन आहे म्हणून माळावर कुठेही रात्र काढावी, हा हट्ट कुटुंबाने धरू नये. धर्मशाळेच्या आवारात वाहन उभे करण्याची परवानगी आधी फोनवर मागावी आणि दान नियमाने द्यावे. तिसऱ्या दिवशी दर्शन व भोजन आटोपून नेवासे मार्गाने नगरला परतता येते.

ज्यांना पहिल्याच खेपेला इतके धाडस नको असेल, त्यांनी एका दिवसाची रंगीत तालीम करावी. नगर-कल्याण रस्त्यावर टाकळी ढोकेश्वर येथे सहाव्या शतकाच्या सुमाराचे शैव लेणे आहे. सप्तमातृकांचा पट आणि द्वारपाल पाहून संध्याकाळी घरी येता येते. टाकी किती वेळात रिकामी होते आणि आजींना वाहनाची पायरी चढता येते की नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका दिवसात कळतात.

टाकीचा हिशेब

घरातील सहा माणसे आणि एक चालक, असे सात जण धरू. बहुतेक याद्यांत चालक नसतोच. त्याचे जेवण, त्याची झोप आणि त्याचे पाणी यादीत नसेल, तर तो बेत अपुरा आहे. पिणे व स्वयंपाक पाच लिटर, हात-तोंड व भांडी पाच लिटर, शौचालय पाच लिटर, असे माणशी पंधरा लिटर काटकसरीने लागतात. सातांचे झाले १०५ लिटर. टाकी १२० लिटरची असेल तर उरतात १५ लिटर. या हिशेबात स्नान कुठेच बसत नाही. कॅरव्हॅनमधला फवारा पाच मिनिटे सोडला, तर तीस-चाळीस लिटर सहज जातात. म्हणून स्नान धर्मशाळेत, बादलीने, आणि तेही एका बादलीत.

पिण्याचे पाणी घरूनच गाळून न्यावे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन प्रहर मानली जाते. हिवाळ्याच्या प्रवासात सकाळी एकदा उकळले की संध्याकाळपर्यंत चिंता नाही. त्यासाठी स्टीलचे झाकणाचे डबे पुरतात. खाखरे, दशम्या, भाजके चणे, मुगाची डाळ आणि पापड असा शिधा असेल, तर शीतपेटीही लागत नाही. रात्रीचे ओलसर अन्न दुसऱ्या दिवशी न खाण्याचा नियम इथे बॅटरीवरचा भारही हलका करतो. वाहन चालू असताना गॅसची टाकी बंद ठेवावी, ही गोष्ट मात्र नियम म्हणून घरातील एकाच व्यक्तीकडे सोपवावी.

टाकी संपली तर काय, हा खरा प्रश्न आहे. मनमाड आणि त्याच्या आसपासच्या मुलखाने पाणीटंचाई वर्षानुवर्षे सोसली आहे. अशा गावात चकचकीत वाहन हातपंपाशी उभे राहते, नळी लावते आणि शंभर लिटर घेऊन निघून जाते, तेव्हा तिथल्या बायका काही बोलत नाहीत. पाण्याला नाही म्हणायचे नसते, हा खेड्याचा रिवाज आहे. पण न बोलणे म्हणजे देणे नव्हे. अदत्तादान म्हणजे न दिलेले घेणे, आणि ते वर्ज्य असल्याचे व्रत श्रावकाने घेतलेले असते. म्हणून टाकी नगरहून भरून निघावे आणि पुढे धर्मशाळेतच, विचारून, गरजेपुरती भरावी.

घेण्याइतकाच टाकण्याचा हिशेबही महत्त्वाचा आहे. साधूंच्या पाच समितींतील शेवटची उत्सर्ग समिती आहे. मळ, सांडपाणी किंवा टाकाऊ वस्तू जिथे जीव नाहीत आणि कोणाला त्रास होणार नाही, अशाच जागी यतनेने टाकायची. शौचालयाची टाकी ओढ्यात किंवा लेण्यांच्या पायथ्याशी उघडणारा प्रवासी किती नवकार मोजतो, याला मग फारसा अर्थ उरत नाही. ती टाकी धर्मशाळेच्या किंवा शहरातील योग्य सांडपाणी व्यवस्थेतच रिकामी करावी. साबण कमी वापरावा आणि कचऱ्याची पिशवी घरी परत आणावी.

उजेडाची वेळ

दुसरा हिशेब सूर्याचा. डिसेंबरात या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवकारसी करणाऱ्याला सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबायचे असते आणि चौविहार करणाऱ्याला सूर्यास्तापूर्वी सारे आटोपायचे असते. जेवणाला जेमतेम दहा तास उरतात. पाच वाजता वाहन मुक्कामी लागले पाहिजे, म्हणजे ओटा पेटवून वाढण्याला सवड मिळते. आजींच्या नियमामुळे आमचा बेत आखडतो, अशी तक्रार घरातील तरुण करतील. तो आखडतो हे खरेच आहे, आणि तेच त्याच्या हिताचे आहे.

याला कारण रस्ता. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते. टायरगाड्या, बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर नगर-मनमाड रस्त्यावर रात्रंदिवस चालतात आणि पुष्कळांना मागचा दिवा नसतो. याच सुमारास, कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपून साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. ऊन चढण्यापूर्वी पुढचे गाव गाठायचे म्हणून ते पहाटे निघतात आणि त्याच महामार्गाच्या कडेने अनवाणी चालतात. विहारातील अपघातांत साधू-साध्वी गमावण्याचे दुःख समाजाने अनेकदा सोसले आहे. तीर्थयात्रेला निघालेल्या वाहनाने अंधुक पहाटे एखाद्या साध्वीच्या जवळून वेगाने जावे, याहून विपरीत काय असेल? चालताना पुढची जमीन पाहून पाऊल टाकणे ही साधूची ईर्या समिती. वाहनात बसलेल्या गृहस्थाची ईर्या एवढीच, की सूर्य वर आल्याशिवाय निघायचे नाही आणि मावळल्यावर चालवायचे नाही. चालकाला हे निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. त्याला त्याने आनंदच होईल.

आपल्याला लेण्यांशी काय?

नगर, पाथर्डी, श्रीरामपूर या भागांतील अनेक कुटुंबे स्थानकवासी परंपरेतील आहेत. आचार्य आनंदऋषीजींचा जन्म याच जिल्ह्यातील चिचोंडीचा आणि त्यांच्या स्मृतीचे आनंदधाम नगरातच आहे. अशा घरात एखादी आजी विचारते, "आपण मूर्ती मानत नाही, मग लेणी कशाला पाहायची?" प्रश्न योग्य आहे. त्याचे एक उत्तर असे, की मूर्तींच्या आधी ही मुनींच्या निवाऱ्याची जागा होती. डोंगरात कोरलेली खोली, बसण्यापुरता ओटा आणि जवळ पाण्याचे टाके यापलीकडे जुन्या लेण्यांत फारसे काही नसते. स्थानक म्हणजे तरी दुसरे काय?

मावळातील कामशेतजवळच्या पाले येथील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्याचा आरंभ अरहंतांच्या वंदनाने होतो, म्हणून अनेक अभ्यासक तो जैन मानतात. लेख अगदी छोटा आहे. लेणे कोरविले आणि पोढी कोरविली, एवढेच त्यात सांगितले आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. दात्याला निवाऱ्याइतकेच पाणी नोंदवावेसे वाटले. खडकात पाऊस अडवून ठेवणारे ते टाके नसते, तर डोंगरातली खोली कोणाच्याच उपयोगाची नव्हती.

पाण्याची दुसरी कथा धाराशिवच्या लेण्यांची आहे. खर्ड्याहून पुढे बालाघाटच्या डोंगरांत असलेली ही लेणी पुढच्या एखाद्या प्रवासासाठी राखून ठेवावीत. कनकामर मुनींनी अपभ्रंशात रचलेल्या 'करकंडचरिउ' या काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांची हकीकत येते. हे तेरापूर म्हणजे धाराशिवजवळचे तेर. कथेत एक हत्ती रोज सरोवरातून सोंडेत पाणी आणि कमळ आणून एका वारुळाची पूजा करतो. तिथे खणल्यावर पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. पुढे लेण्यातील सिंहासनावर राजा करकंडाला दगडाची एक गाठ दिसते. तिच्यामागे पाण्याची शीर आहे, हे समजूनही कुतूहलापोटी तो ती फोडायला लावतो. पाणी उसळते, लेणे भरून जाते, आणि राजाला पश्चात्ताप होतो.

शेकडो फूट खोल विंधनविहिरी घेणाऱ्या आपल्या काळाला ही कथा जुनी वाटू नये. जी शीर पूर्वजांनी जाणून बांधून ठेवली, ती केवळ पाहण्यासाठी फोडली गेली. कॅरव्हॅनमधून लेणी पाहायला निघालेल्या कुटुंबाच्या हातातही असाच एक छोटा नळ असतो. तो किती वेळ उघडा ठेवायचा, हे मुलांना शिकवण्याची संधी शाळेच्या पुस्तकात मिळत नाही. टाकीवरचा काटा रोज संध्याकाळी घरातील सर्वांत लहान मुलाने वाचावा आणि वहीत लिहावा. तीन दिवसांनी त्या वहीत मावेल तेवढेच पाणी सात माणसांना पुरले, हे त्याच्याच अक्षरात घरी राहील.

परतल्यावर शक्य असेल तर आणखी एक गोष्ट करावी. प्रवासात जितके पाणी वापरले, तितक्याच्या मोलाचे दान ज्या गावातून वाट गेली तिथल्या पाण्याच्या कामाला द्यावे. ती पाणपोई असेल, जनावरांचा हौद असेल किंवा बंधाऱ्यातला गाळ काढण्याचे काम असेल. लेणे पाहून येणारे पुष्कळ असतात. लेण्यासोबत पोढी देणाऱ्यांच्या परंपरेत बसण्याची वाट मात्र अजून मोकळी आहे.